शोभेची बोटं

ज्या घरात भूत मानत नाहीत, त्याच घरात त्या दिवशी सकाळपासून भुतं वळली जात होती. आणि ज्यांच्याकडच्या पार्टीसाठी ती वळली जात होती, त्या वरच्या मजल्यावरच्या घराच्या दाराला दर शनिवारी न चुकता नवं लिंबू आणि सात मिरच्या टांगल्या जायच्या. ज्याला भुताची भीती, त्यालाच भुताची हौस. आता काय म्हणावं!

सपनाची सासू पद्माबाई स्वैपाकघराच्या दारात पाय पसरून बसली होती. कुरुंद्याहून ती आठ दिवसांसाठी आली होती आणि आल्यापासून तिला बोलायला विषय पुरत नव्हते. हा तर आयताच मिळाला.

"भुतं-खेतं, अंगारे-धुपारे आमी कवाच सोडून दिले," ती म्हणाली. "तुझ्या आज्यानं घरातला देव्हारासुदीक पाण्यात सोडला. अन् आता माझी नात भुतं करून राहिली. काहून गं बाई?"

"आजी, खायची भुतं आहेत ती," संबोधी म्हणाली. ती चौथीत होती. तिच्या कोपरापर्यंत पीठ लागलं होतं.

"भूत माणसाला खातं म्हन्तेत. माणसानं भूत खाल्लेलं मी न्हाई ऐकलं."

"मग आज बघ तू."

वरच्या मजल्यावरच्या ज्योतीच्या मुलाचा, रुद्रचा वाढदिवस होता. रुद्र संबोधीच्याच वर्गात. दोघं एकाच रिक्षानं शाळेत जायची, एकाच बाकावर बसायची, आणि भांडली तरी एकमेकांशीच भांडायची. शाळेत भुताखेतांचे कपडे घालून यायचा दिवस झाल्यापासून रुद्रनं घरात धोशा लावला होता, वाढदिवसाला भुताचीच पार्टी पाहिजे. ज्योतीचा नवरा विजयकुमार हळदीचा आडत्या, एकुलतं एक पोरगं. झाली पार्टी पक्की. बिल्डिंगमधल्या बायांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर ज्योतीनं कामं वाटून दिली. संगिताताई पावभाजी. बाकीच्या दोघी दहीवडे आणि ढोकळा. आणि शेवटी, फुलांची दोन चित्रं टाकून, 'सपनाताई, चिप्सचे पुडे आणि कागदी प्लेटा.'

चिप्सचे पुडे सपनाला नवीन नव्हते. हळदीकुंकवाला बोलावलं तर पेढ्याचा सीलबंद बॉक्स. दांडियाच्या जेवणाला पाण्याच्या बाटल्या. मागच्या वाढदिवसाला फुगे. सपनाच्या हातचं काही त्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या घशाखाली उतरू नये, याची अशी गोड काळजी घेतली जायची, की भांडायचं म्हटलं तरी शब्दच सापडू नये. ज्योतीकडून खाली काही कमी यायचं असंही नाही. पुरणपोळी यायची, धपाटे यायचे. पण संगिताकडे जाताना ते स्टीलच्या ताटात जायचे आणि सपनाकडे येताना कागदी प्लेटमध्ये. ताट आलं की ते परत द्यावं लागतं, आणि परत देताना रिकामं देऊ नये अशी आपल्याकडे रीत. कागदी प्लेटची काही भानगडच नाही. खा आणि टाकून द्या.

एरवी मात्र सपना सरकारी दवाखान्यात सिस्टर. ज्योतीची सासू जिवनबाई शुगरची पेशंट. इंजेक्शनापुरता तिच्या दंडाला सपनाचा हात चालायचा, ताटाला चालायचा नाही.

हे सगळं सपनाला ठाऊक होतं आणि संबोधीला ठाऊक नव्हतं. ते पोरीला ठाऊक होऊ नये, एवढीच सपनाची धडपड होती. "मम्मी, आपल्याला कायम पुडेच काय आणायला सांगतात?" असं पोरीनं एकदा विचारलं होतं. सपना चटकन म्हणाली होती, "मला ड्युटी असते ना बेटा. म्हणून सोपं काम देतात." पोरीला ते पटलं. पटलं म्हणजे इतकं, की पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. सपना स्वतः लहान असताना औंढ्याला मैत्रिणीच्या घरी जायची, तेव्हा तिच्या ओंजळीत प्रसाद वरून पडायचा. तिला बरेच दिवस वाटायचं, प्रसाद असाच देतात. ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून तिला त्या मैत्रिणीचं तोंड बघवलं नाही. आपल्या पोरीचे हे न कळण्याचे दिवस जितके लांबतील तितके लांबवायचे, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पण या खेपेला संबोधीनंच घोळ घातला. मोबाईलवर कोणत्याशा बाईनं केलेली भुताची बोटं तिनं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात रुद्रला सांगून टाकलं, "मी तुझ्या पार्टीला बोटं करून आणते. खरी वाटतात. नखं पण असतात." रुद्र वेडाच झाला. रोज विचारायला लागला, बोटं किती आणणार, रक्त लावणार का. आता नाही म्हणायचं तर काय कारण सांगायचं? आणि खरं सांगायचं तर सपनाच्याही डोक्यात तिडीक गेली होती. बघूच एकदा, असं तिच्या मनात आलं.

"नको जाऊस हे घेऊन," पद्माबाई हळूच म्हणाली. "कोनी शिवायचं न्हाई त्याला. लेकराचं तोंड उतरंल."

"आता काळ बदलला, आई."

"बदलला? मग पुडे काहून सांगतेत?"

"हळू बोला. पोरगी ऐकते."

पोरीचं इकडे लक्षच नव्हतं. शंकरपाळ्यांसारखं मैदा-तूप-दूध-साखरेचं पीठ भिजवलं होतं. पहिली बोटं तळायला टाकली तर ती टम्म फुगली, सुरीनं पाडलेल्या पेरांच्या रेघा गायब झाल्या. "ही तर वेलची केळी झाली," म्हणून संबोधी रडकुंडीला आली. मग सपनानं जाड कढईत मीठ तापवलं, वर ताटली ठेवली, झाकण घातलं आणि बोटं भाजायला लावली. प्रत्येक बोटाच्या टोकाला सोललेला अर्धा बदाम. बदामाच्या कडेनं बीटाच्या रसात शिजवलेला गूळ. भाजून बाहेर आली तेव्हा ती अशी दिसत होती, की पद्माबाईनं स्वतःचा हात मागं घेतला.

"अगं बाई! हे तर आमच्या गावच्या सावकारिणीचे हात," ती म्हणाली, आणि तिघी खदाखदा हसल्या.

मग उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यांवर तांदळाच्या उकडीची पातळ पारी पांघरली, दोन मिरे डोळ्यांच्या जागी टोचले, की झालं पांढरं भूत. पनीरच्या गोळीत काळी मनुका बसवली आणि काडीनं बीटाच्या लाल रेघा ओढल्या, की झाला डोळा. डोळे करताना पद्माबाईही बसली. तिचे डोळे सगळे तिरळे झाले, पण संबोधी म्हणाली तेच जास्त भीतीदायक आहेत.

सगळं मोठ्या स्टीलच्या ताटात मांडलं. पद्माबाईच्या संसारातलं ते ताट, काठावर ठोकून घातलेलं नाव: 'पद्माबाई शेषराव, कुरुंदा'. संबोधीनं बोटं अशी रचली, की ताटातून हात वर येतायत असं वाटावं. चिप्सचे पुडे आणि कागदी प्लेटाही सपनानं बरोबर घेतल्या. भांडणाला निमित्त नको.

वर ज्योतीनं दार उघडलं आणि ती किंचाळलीच.

"अय्या! सपनाताई! हे काय केलं हो!"

"मी केलंय, काकू," संबोधी म्हणाली. ताट तिनंच धरलं होतं, कोणाला धरू दिलं नव्हतं.

"बाई गं! नखं बघा, नखं! संगिताताई, या इकडं." ज्योतीनं मोबाईल काढला. वरून फोटो, बाजूनं फोटो, संगितानं बोटाजवळ आपलं बोट धरून फोटो. संबोधी फुलून गेली होती. सपनाला क्षणभर वाटलं, सासू उगाच बोलते. माणसं तितकी वाईट नसतात.

मग ज्योतीनं ते ताट घेतलं. अगदी काठाला धरून घेतलं, तेव्हाच सपनाला कळायला हवं होतं.

"इतकं सुंदर हाय, खायची वस्तूच न्हाई बाई ही. शोभेला ठेवू," ती म्हणाली, आणि ताट उचलून शोकेसच्या वरच्या फळीवर, कागदी सांगाड्याच्या पायाशी नेऊन ठेवलं. "इथं दिसंल सगळ्यांना."

दिसलं सगळ्यांना. आलेली प्रत्येक बाई त्या फळीपुढं उभी राहिली, अगंबाई म्हणाली, फोटो काढला आणि पावभाजीकडे वळली. ज्योतीच्या स्टेटसवर तो फोटो पार्टी सुरू व्हायच्या आधीच चढला होता. पावभाजी संपत आली, दहीवड्याचं भांडं पुसलं गेलं, चिप्सचे पुडे फाटले. त्या फळीवरचं एक बोट हललं नाही. सपना हातात रिकामी कागदी प्लेट घेऊन सोफ्याच्या कडेला बसली होती. तिच्या मनात एकच चाललं होतं: पोरीच्या लक्षात येऊ नये. अजून तासभर. मग घरी नेऊ, काहीतरी सांगू.

संबोधी मात्र त्या फळीच्या आसपासच घोटाळत होती. कोणी मोठं माणूस जवळ आलं, की मान वर करून बघायची.

तोंडाला पांढरा रंग फासलेला, काळा झगा घातलेला रुद्र धावत आला, स्टुलावर चढला आणि त्यानं ताटात हात घातला.

"ए!" जिवनबाईनं त्याच्या हातावर फटका मारला. "हात लावू न्हाई. शोभेचं हाय ते."

"खायचं हाय, आजी. संबोधीनं माझ्यासाठी केलंय."

"पोट दुखंल. कच्चं असतं असलं."

"कच्चं नाही, आजी," संबोधी म्हणाली. "भाजलंय. दूध आहे, तूप आहे. मम्मीनं मिठावर भाजलंय."

"व्हय व्हय. चांगलं केलं तू. पर शोभेचं हाय ते."

संबोधीला वाटलं, आजीला खरंच कळत नाहीये. तिनं रुद्रला खाली उतरवलं, स्वतः स्टुलावर चढली, एक बोट उचललं, नखासकट कडकन मोडलं आणि तोंडात घातलं. सगळ्यांना दिसावं म्हणून तोंड उघडं ठेवून चावायला लागली.

"बघा," ती म्हणाली. "खायचंच आहे."

कोणीतरी खाकरलं. संगिता टाळ्या वाजवत म्हणाली, "चला चला, केक कापू!" आणि सगळ्यांची तोंडं एकदम केककडे वळली. संबोधी अर्धं बोट हातात धरून स्टुलावर तशीच उभी होती. तिचं चावणं थांबलं होतं. ती एकेकीच्या तोंडाकडे बघत होती, आणि शेवटी तिनं आईकडे बघितलं.

सपनानं हातातली प्लेट खाली ठेवली. ती उठली.

"ज्योतीताई, एक विचारू का?"

"विचारा ना." ज्योतीच्या एका हातात पावाचा तुकडा होता.

"संगिताताईची पावभाजी शोभेला काहून न्हाई ठेवली? तीबी लालभडकच हाय."

"असं काय करता, सपनाताई? तुमी उगं मनाला लावून घेऊन राहिल्या. आमी असलं काही मानत न्हाई."

"मानत न्हाई नं? मग एक बोट खा."

ज्योतीनं आधी सासूकडे पाहिलं, मग फळीकडे. "आज मला उपास हाय," ती म्हणाली.

हातातला पावाचा तुकडा भाजीनं भिजलेला होता. तो तिनं मागं नेला. पण मागं भिंतीला आरसा होता, त्यात तो सगळ्यांना दिसत राहिला. कोणी हसलं नाही.

"लेकराच्या वाढदिवसाला भांडण करू न्हाई," जिवनबाई म्हणाली. "पाहुनी म्हणून आली, पाहुनीवानी ऱ्हाय."

"मावशी, परवा तुमची साखर उतरली. दातखीळ बसायची वेळ आलती. तवा तुमच्या सुनेनं मलाच बोलावलं नं? माझ्याच घरची साखर, माझ्याच घरचं पाणी, माझ्याच हातानं पाजलं. घटाघटा पिलात. ते काय शोभेचं व्हतं?"

जिवनबाईनं पदर तोंडाला लावला. "औषध म्हणून घेतलं," ती पुटपुटली. "औषधाला चालतं."

बोलून गेल्यावर तिच्याच लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. ज्योतीनं कपाळाला हात लावला. आणि सपनाच्या लक्षात आलं, की संबोधी स्टुलावर उभी राहून सगळं ऐकते आहे. जे इतकी वर्षं झाकून ठेवलं, ते आपणच भर बायकांत उघडं केलं. आता मागं घ्यायला काही उरलं नव्हतं.

तिनं पुढं होऊन ताट खाली घेतलं.

"राहू द्या ना ताट," ज्योती म्हणाली. "उद्या पाठवते."

"रिकामं ताट पाठवू न्हाई म्हन्तेत. अन् भरून पाठवायचं तर तुमाला कागदी प्लेट लागती. कशाला तकलीफ घेता?" सपना म्हणाली. "चल संबोधी."

जिन्यात दोघींच्या चपलांचाच आवाज होता. वर केक कापल्याचं गाणं सुरू झालं. मधल्या वळणावर संबोधी थांबली.

"मम्मी, चिप्सचे पुडे त्याच्यामुळंच सांगतात ना?"

ड्युटीचं कारण सपनाच्या जिभेवर आलं होतं. मनात इतक्या वेळा घोळवून ते गुळगुळीत झालं होतं.

"व्हय," ती म्हणाली.

"मग तू ड्युटीचं काहून सांगितलं?"

सपनानं ताटातलं कललेलं एक भूत सरळ केलं.

"मी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं," संबोधी म्हणाली. "माझी मम्मी मोठी सिस्टर आहे म्हणून आम्हाला हलकं काम देतात. मी रुद्रला पण सांगितलं होतं. तुला माहीत होतं आणि तू मला सांगू दिलं."

ती रडत नव्हती. रडली असती तर सपनाला जवळ घेता आलं असतं. ती भराभरा पायऱ्या उतरून पुढं गेली.

पद्माबाईनं दार उघडून भरलेलं ताट पाहिलं. ताट घेऊन ओट्यावर ठेवलं. एक बोट उचललं, चहात बुडवलं आणि चघळायला लागली.

"झ्याक झालंय," ती म्हणाली. "खाय गं पोरी."

"मला नको," संबोधी म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

थोड्या वेळानं बेल वाजली. सपना उठायच्या आत संबोधीनंच दार उघडलं.

दारात रुद्र होता. काळा झगा, पांढरं तोंड, गालाला केकचं क्रीम. जिना उतरून आल्यानं त्याला धाप लागली होती.

"आजी पूजेला बसली," तो कुजबुजला. "मी कोणाला न सांगता आलो. संबोधी, एक बोट दे ना. नखवालं." आणि त्यानं हात पुढं केला.

ओट्यावरचं ताट दारातून दिसत होतं. संबोधीनं एकदा ताटाकडे बघितलं, एकदा त्याच्या हाताकडे.

"हात लावू न्हाई," ती म्हणाली. "शोभेचं हाय ते."

शाळेत शिकलेली शुद्ध भाषा सोडून ती हे बोलली. थेट जिवनबाईच्या आवाजात, तसाच शब्द ओढून.

"पण तू तर खाल्लं," रुद्र म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

संबोधीनं दार लावलं आणि वरची कडी घातली.

खोटं कशाला सांगा, पहिल्यांदा सपनाला बरंच वाटलं. बस म्हणावं आता, कळू दे त्यांच्याही लेकराला. पण बाहेर पायांचा आवाज होत नव्हता. पोरगं गेलं नव्हतं, दाराबाहेर उभंच होतं. मग दारावर अगदी हळू, बोटाच्या पेरानं केल्यासारखी, टकटक झाली.

"ते पोरगं खायला आलतं, सपना," पद्माबाई म्हणाली. "त्या घरातलं पैलं मानूस, जे आपल्या दारात हात पसरून आलं."

सपनानं ताटातलं सगळ्यात चांगलं बोट उचललं. ती दारापाशी गेली, कडीला हात लावला.

"मम्मी, दार उघडू नको," मागून संबोधी म्हणाली.

सपनानं वळून पाहिलं. पोरीचा चेहरा तिला ओळखीचा वाटला. औंढ्याला त्या मैत्रिणीच्या घरून शेवटचं परत आल्यावर आरशात तिनं तोच पाहिला होता. हिला आपण आधीच एकदा खोटं पाडलं आहे, आता पुन्हा हिच्याविरुद्ध दार कसं उघडायचं, हे तिला समजेना.

बाहेर अजून एकदा टकटक झाली. वरून जिवनबाईची हाक आली, "रुद्रऽ!" मग पावलं जिना चढत गेली.

सपनाच्या हातात ते बोट तसंच होतं. तिनं दार उघडलं नाही.